चढावर बंद पडणारी ई-सायकल: बॅटरी बदलण्याआधी काय तपासायचं

कोथरूडहून बावधनच्या शाळेत जाताना भुसारी कॉलनीच्या पुढे चांदणी चौकाचा चढ लागतो. माझी ई-सायकल २०२१च्या दिवाळीत घेतलेली. तेव्हापासून आतापर्यंत या चढावर ती तीन वेगवेगळ्या काळात बंद पडायला लागली. तिन्ही वेळा वरवर लक्षण एकच. सपाट रस्त्यावर उत्तम चालते, चढ अर्धा झाला की मोटर गप्प, पहिल्या दोन वेळा तर कडेला पाच मिनिटं उभं राहिलं की परत सुरू. आणि तिन्ही वेळा ऐकायला मिळालं तेही एकच: "मॅडम, बॅटरी गेली."

कारणं मात्र तिन्ही वेळा वेगळी निघाली. पहिल्यांदा कनेक्टर, दुसऱ्यांदा ब्रेकचा स्विच, आणि तिसऱ्या वेळी खरोखरच बॅटरी. पहिल्याच वेळी मी लोकांचं ऐकून साडेतेरा हजारांची नवी बॅटरी घेतली असती, तर ती नवी बॅटरीही त्याच चढावर, त्याच जागी बंद पडली असती. ज्यांची सायकल अशी मधेच दगा देते त्यांचे पैसे आणि मनस्ताप वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझ्या सायकलीची बॅटरी ३६ व्होल्टची, ७.८ अँपिअर-तासाची आहे, मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये (मधल्या गाभ्यात), २५० वॅटची. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-सायकली याच घडणीच्या असतात, त्यामुळे खालचे आकडे बहुतेकांना लागू पडतील. ४८ व्होल्टची बॅटरी असेल तर बॅटरीच्या व्होल्टचे आकडे साधारण त्या प्रमाणात वाढवायचे.

सगळ्यात आधी: मोटर थांबली तेव्हा डिस्प्ले चालू होता का?

हा एक प्रश्न अर्धं काम करतो. मेकॅनिककडे जाण्याआधी याचं उत्तर आपल्याकडे पक्कं हवं, कारण दुकानातल्या सपाट गल्लीत सायकल बिघाड दाखवतच नाही. सायकल बंद पडली की लगेच बटणं दाबू नका, बॅटरी हलवू नका. आधी फक्त बघा.

डिस्प्ले चालू आहे, पण चढ सुरू झाल्यावर बॅटरीच्या दांड्या भराभर उतरल्या आणि मोटर थांबल्यावर परत चढल्या, तर कंट्रोलरला (बॅटरीची वीज मोटरला कधी आणि किती द्यायची हे ठरवणाऱ्या डबीला) पुरेसा व्होल्टेज पोचत नाहीये. डिस्प्ले चालू आहे, दांड्याही जागच्या जागी आहेत, तरी मोटर गप्प, तर वीज पोचते आहे पण "चालू नको" असा कुठला तरी निरोप कंट्रोलरला मिळतो आहे, किंवा "चालू हो" हा निरोप मिळत नाहीये. आणि डिस्प्लेसकट सगळंच काळोखात गेलं, तर बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने वीज तोडली आहे किंवा बॅटरीपासून निघणारा मार्गच तुटला आहे.

या तीन वाटा वेगळ्या आहेत. एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

चढच का?

सपाट रस्त्यावर मोटर तीनचार अँपिअर ओढते. चढावर हिशेब बदलतो. मी आणि सायकल मिळून वजन १०० किलो धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता ताशी १५ किलोमीटरने चढायचा, तर नुसतं ते वजन वर उचलायलाच २०० वॅटच्या आसपास लागतात. चाकांचं घर्षण आणि वारा त्यावर. मोटरमध्ये उष्णता होऊन वाया जाते ती वीज आणखी त्यावर. मग कंट्रोलर त्याच्या कमाल मर्यादेला जाऊन १२-१४ अँपिअर ओढतो.

आता वाटेत कुठे तरी एक खराब जोड आहे आणि त्याचा रोध ०.२ ओहम आहे असं समजा. चार अँपिअरला तिथे ०.८ व्होल्ट पडतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. १३ अँपिअरला तिथेच २.६ व्होल्ट पडतात. म्हणजे चढ बिघाड निर्माण करत नाही, आधीच असलेला बिघाड उघडा पाडतो.

३६ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक गट ४.२ व्होल्ट, म्हणून एकूण ४२. उतरत उतरत ती ३०-३१ व्होल्टला आली की कंट्रोलर मोटर बंद करतो, सेल फार रिकामे होऊन खराब होऊ नयेत म्हणून. कंट्रोलरला मात्र फक्त स्वतःच्या दारात आलेला व्होल्टेज कळतो. बॅटरी खरंच रिकामी झाली की वाटेत गळती झाली, हे त्याला कळायला मार्ग नाही.

पहिला बिघाड: गरम झालेला कनेक्टर

२०२२चा पावसाळा संपता संपता पहिल्यांदा हे सुरू झालं. सर्व्हिसवाल्यांनी बॅटरीला मीटर लावला, ३९ व्होल्ट आले, तरी "लोडला टिकत नाही" म्हणून नवी सुचवली. लोडवर, म्हणजे मोटरवर जोर असताना, त्यांनी मोजलं नव्हतं, अंदाज होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षांचं वायरिंग करणारे एक मामा बसतात. सायकल ढकलत घरी नेताना त्यांनी हटकलं. त्यांनी काही मोजलं नाही. एवढंच म्हणाले, "ताई, आत्ता चढावरून आलात ना? मग प्रत्येक जोडाला बोट लावा. जो चटका देईल तो चोर." बॅटरी कोमट होती, कंट्रोलर कोमट होता. बॅटरी बसते त्या बैठकीतून निघालेली लाल वायर जिथे कंट्रोलरच्या वायरला मिळते, त्या कनेक्टरला बोट टेकवत नव्हतं. उघडला तर प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन मऊ पडलेलं आणि पितळी पिनेवर हिरवट कळंक. पाणी आत गेलं होतं.

नंतर मी स्वतः मोजलं. बॅटरी अर्धी असताना, चढावर, बॅटरीच्या टोकांवर ३४.२ व्होल्ट होते आणि कंट्रोलरच्या दारात ३१.४. वाटेत २.८ व्होल्ट गायब. १३ अँपिअरने गुणलं तर ३६ वॅट होतात. डाग द्यायचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. त्याहून जास्त उष्णता त्या सुपारीएवढ्या कनेक्टरमध्ये होत होती. प्लास्टिक वितळलं यात नवल काय!

पाच मिनिटांनी सायकल परत का सुरू व्हायची तेही मग उमगलं. मोटर थांबली की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की जोडातली घट शून्य होते, कंट्रोलरला पुन्हा ३६-३७ व्होल्ट दिसतात. जोड थंड होतो, थोडा बरा जुळतो, आणि सायकल पुढचे दोनशे मीटर काढते. "थोडी विश्रांती दिली की चालते" या गोष्टीने मला दोन महिने फसवलं. बॅटरी दमली आहे असंच वाटत राहतं.

मोजायचं कसं हे सांगते, कारण चाक उचलून थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची मूठ) दिला तर काहीच कळत नाही. मोकळं चाक एकदोन अँपिअरवर फिरतं, तेवढ्यावर जोडातली घट दिसत नाही. सायकलवर माणूस बसून खरा चढच हवा. तुमच्या डिस्प्लेवर आकड्यात व्होल्टेज दिसत असेल (बऱ्याच डिस्प्लेंवर माहितीचं बटण दाबत गेलं की किलोमीटरनंतर येतो) तर निम्मं काम झालं, कारण तो आकडा कंट्रोलरच्या बाजूचा असतो. नसेल तर चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवायचा, २०० च्या खुणेवर. कंट्रोलरच्या बाजूच्या लाल आणि काळ्या टोकाला दोन लांब वायरी घट्ट जोडून त्या हँडलपर्यंत आणायच्या, लाल वायरीत एक अँपिअरचा फ्यूज घालायचा, सगळी उघडी टोकं टेपने झाकायची. लाल-काळी टोकं एकमेकांना चुकूनही लागता कामा नयेत. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते, हाताला भाजतं आणि आग लागू शकते. मीटर हँडलला बांधून मी पहाटे सहाला रिकाम्या चढावर गेले आणि आकडा बघायला लेक शेजारून पळत होता. चालवताना आपण मीटरकडे बघायचं नाही. दुसरी फेरी वायरी बॅटरीच्या बाजूला लावून. दोन आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर बॅटरीला दोष देण्याआधी जोड शोधा.

दुरुस्तीला खर्च १८० रुपये. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ६० अँपिअरचा पिवळा कनेक्टर जोडीने आणला, जाड वायरचा एक तुकडा, आणि मामांनी डाग देऊन, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवून बसवला. जळालेल्या पिनेला पॉलिश पेपर मारून तीच परत वापरायचा मोह होतो. तसं करू नका. या पिनांवर भांड्याच्या कल्हईसारखा पातळ लेप असतो. तो एकदा जळाला की घासून पिन चमकते खरी, पण पुढच्या पावसात आणखी वेगाने खराब होते. कनेक्टर बदलायचाच.

दुसरी अशीच जागा म्हणजे बॅटरी बैठकीत सरकवल्यावर जिथे चिकटते त्या पात्यासारख्या पिना. बॅटरीचं बटण चालू ठेवूनच ती बसवली तर प्रत्येक वेळी तिथे ठिणगी पडते, कारण कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) एकदम भरले जातात. ठिणगीगणिक पिनेला खड्डा पडत जातो. बॅटरी आधी बसवायची, किल्ली फिरवून पक्की करायची, मग बटण. बसवल्यावर वर-खाली हलवून बघा. खडखड होत असेल तर पिना रोज खड्ड्याखड्ड्यातून घासल्या जात आहेत. बैठकीचे स्क्रू आवळा. मी किल्लीच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली आहे, बॅटरी आता तसूभरही हलत नाही.

दुसरा बिघाड: डिस्प्ले चालू, दांड्या पूर्ण, मोटर गप्प

२०२३च्या ऑगस्टमध्ये परत तीच जागा, तोच चढ. मी सरळ कनेक्टर उघडला. स्वच्छ होता. मोजलं, घट ०.३ व्होल्ट. तेव्हा डिस्प्लेकडे नीट बघितलं आणि दांड्या जराही उतरत नाहीत हे दिसलं. म्हणजे ही वेगळी वाट.

अशा वेळी संशयितांचा क्रम मी आता असा लावते: ब्रेकचा स्विच, पेडलचा सेन्सर, मोटरची केबल, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोलर.

ई-सायकलच्या दोन्ही ब्रेक लिव्हरमध्ये एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की तो कंट्रोलरला मोटर तोडायला सांगतो. लिव्हर पूर्ण मागे आला नाही, किंवा आत पाणी-चिखल गेला, की कंट्रोलरला सतत ब्रेक दाबल्यासारखं वाटतं. माझ्या डाव्या लिव्हरची स्प्रिंग ढिली झाली होती. सपाट रस्त्यावर तो जेमतेम मागे राहायचा, पण चढावर मी हँडल ओढून, पुढे झुकून पेडल मारते, तेव्हा बोटांच्या वजनाने लिव्हर दोन मिलिमीटर आत यायचा आणि मोटर तुटायची. थांबून हात काढला की सुरू! चढाशी याचा विजेचा काही संबंध नव्हता, माझ्या बसण्याचा होता.

तपासणं सोपं आहे. मागचं चाक उचलून ठेवा, पेडल फिरवून मोटर चालू करा, आणि दोन्ही लिव्हर किंचित, केसभर आत दाबून बघा. किती दाबल्यावर मोटर थांबते? ब्रेक पॅड डिस्कला लागायच्या किती तरी आधी थांबत असेल तर स्विच जास्तच हळवा झाला आहे. नक्की कुठला स्विच हे कळायला दोघांचे छोटे कनेक्टर एकेक करून सोडवा. बहुतेक सायकलींत हा स्विच दाबल्यावर जोडला जाणारा असतो, त्यामुळे कनेक्टर सुटा केला की मोटर चालते आणि चोर सापडतो. यांत्रिक ब्रेक तसाच लागत राहतो. पण म्हणून स्विच सुटा ठेवून रोज फिरू नका. उतारावर ब्रेक दाबल्यावर मोटर पुढे रेटत राहिली तर थांबायला लागणारं अंतर वाढतं, आणि चांदणी चौकाच्या उतारावर ते अंतर मिळत नाही.

पेडलच्या अक्षापाशी चुंबकांची एक चकती आणि तिच्यासमोर सेन्सर असतो. चुंबक समोरून जाताना मोजून कंट्रोलरला कळतं की तुम्ही पेडल मारता आहात. चकती आणि सेन्सर यांच्यात दोनतीन मिलिमीटरचं अंतर हवं. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो, किंवा चकती अक्षावर सरकते. थ्रॉटलवर मोटर चालते पण पेडलवर चालत नाही, तर दोष इथेच. ओल्या फडक्याने पुसून, चकती हाताने जागेवर सरकवून हे बऱ्याचदा घरीच सुटतं.

मोटरच्या केबलबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण हा बिघाड पंक्चरनंतर येतो आणि कोणाला त्या दोन गोष्टींचा संबंध लावावासा वाटत नाही. मागचं चाक काढायचं तर मोटरचा जाड गोल कनेक्टर सोडवावा लागतो. त्यात तीन जाड वायरी मोटरच्या, आणि चाक कुठल्या स्थितीत आहे हे सांगणाऱ्या तीन हॉल सेन्सरच्या बारीक वायरी असतात. परत बसवताना बाणासमोर बाण ठेवून, आखलेल्या रेघेपर्यंत तो आत जायला हवा. अर्धवट राहिला तर सपाटीवर चालतो, चढावर जोर पडला की मोटर घरघरते, झटके देते, थांबते. पंक्चरवाल्यांचा यात दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आपण शेजारी उभं राहायचं, ती रेघ दाखवायची, आणि चाकाचे नट पान्ह्याने नीट आवळले गेले का ते बघायचं. नट ढिले राहिले तर मोटरच्या जोराने अक्षच फिरतो आणि त्यातून बाहेर येणारी केबल पिळवटून तुटते. नटाखालची हुक असलेली चकती परत त्याच खाचेत गेली पाहिजे, ती अक्षाला फिरू देत नाही. पंक्चरवाल्यांच्या डब्यात ती विसरून राहते, हे मी दोनदा पाहिलं आहे.

डिस्प्लेवर बिघाडाचा आकडा (एरर कोड) लुकलुकत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक डिस्प्लेची यादी वेगळी असते, म्हणून सायकलसोबत मिळालेल्या पुस्तिकेतच अर्थ बघा. दुसऱ्या कंपनीच्या यादीवरून निष्कर्ष काढला तर भलताच भाग बदलला जातो.

कंट्रोलर तापून बंद होणं हेही घडतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी, लांब चढावर, तेही अवघड गिअरवर. हब मोटरला गिअरचा फायदा थेट मिळत नाही. वेग फार पडला की ती वीज घेते आणि बरीचशी उष्णतेत घालवते. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर घेऊन पाय भराभर फिरवले आणि वेग बारा-तेराच्या खाली जाऊ दिला नाही, तर मोटर, कंट्रोलर, बॅटरी तिघांनाही सोपं जातं. टायरमधली हवा कमी असणं आणि डिस्क पॅडला घासत राहणं यांनीही मोटर जास्त प्रवाह ओढते. या दोन गोष्टी तपासायला पैसा लागत नाही.

तिसरा बिघाड: सगळंच काळोखात

२०२५च्या जानेवारीत, सकाळी साडेसहाला थंडीत चढावर डिस्प्लेसकट सगळं गेलं. बटण दाबलं, काही नाही. बॅटरी हलवली, काही नाही. घरी आणून चार्जरला लावली तशी जिवंत झाली. चार्जर लावल्यावरच जागी होणं ही आतल्या संरक्षक सर्किटची खूण आहे. ते सर्किट एकूण व्होल्टेजसोबत दहाही गटांवर वेगवेगळी नजर ठेवतं. नऊ गट ३.६ व्होल्टला धडधाकट असले आणि एक गट चढाच्या जोराने पावणेतीनच्या आसपास घसरला, तरी ते सगळी वीज तोडतं. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून कमकुवत गट आधी जानेवारीच्या पहाटे उघडा पडतो आणि दुपारी घरी येताना काहीच होत नाही.

बॅटरी न उघडता याचा अंदाज येतो. पूर्ण चार्ज करा, चार्जर हिरवा झाल्यावर तासाभराने व्होल्टेज मोजा, मग रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. निरोगी बॅटरी ४१.५ च्या वर असते आणि रात्रीत जेमतेम हलते. माझी रात्री ४१.१ आणि सकाळी ४०.३ होती. चार्जर हिरवा होऊनही ४२ च्या जवळ न जाणं म्हणजे एक गट आधीच भरून इतरांना थांबवतो आहे, आणि रात्रीत उतरणं म्हणजे कुठला तरी गट आतल्या आत गळतो आहे. नुसता असमतोल असेल तर चार्जर हिरवा झाल्यावर आणखी दोनतीन तास लावून ठेवल्याने, सर्किट गट हळूहळू समान करतं. घरी जागं माणूस असतानाच हे करायचं, झोपताना लावून ठेवायचं नाही, आणि जिन्यात किंवा दाराच्या वाटेत तर मुळीच नाही. मी हे पाच वेळा केलं, आकडा सुधारला नाही. मग मात्र बॅटरी गेली हे मान्य केलं.

ती का गेली याचं कारणही माझ्याकडे आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. २०२४च्या मेमध्ये आम्ही दीड महिना कोकणात होतो आणि मी बॅटरी रिकामी, तशीच सायकलला लावून गेले. आतलं सर्किट आणि डिस्प्ले मिळून थेंब थेंब वीज खात राहिले. रिकामी बॅटरी दीड महिना पडून राहिली तर त्यातला सर्वांत अशक्त गट असा खोल जातो की परत पूर्वीसारखा होत नाही. लांब जायचं असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, सायकलवरून काढून, थंड कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याने कोणाला तरी मोजायला सांगा. पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवणंही सेलला बरं नाही.

बॅटरीचं कवच स्वतः उघडू नका. आत निकेलच्या पट्ट्या सेलना स्पॉट-वेल्डने जोडलेल्या असतात, स्क्रू ड्रायव्हर घसरला की दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात. संरक्षक सर्किट "बायपास" करून देतो म्हणणाऱ्याकडून लगेच निघून या. ते सर्किट वारंवार तोडतं म्हणून त्रासदायक वाटतं, पण ते अशक्त सेलला आग लागण्यापासून वाचवत असतं. सेल बदलून देणारी दुकानं आहेत. त्यांच्याकडे जायचंच तर तीसही सेल नवे आणि एकाच बनावटीचे टाकणार का, वेल्ड करणार की डाग देणार, आणि पावती-हमी देणार का, हे विचारा. फक्त खराब गट बदलून देतो म्हणाले तर नको. जुन्या सत्तावीस सेलांत तीन नवे बसवले की गट पुन्हा असमान होतात आणि वर्षभरात तुम्ही परत त्याच चढावर उभे राहता. मी कंपनीचीच नवी बॅटरी घेतली. जुनी भंगारात दिली नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी घेताना जुनी त्यांच्याच हवाली करता येते.

नवी घेणाऱ्यांसाठी, या अनुभवातून

दुकानदार बहुतेक वेळा किलोमीटर सांगतात. मी आता वेगळं विचारेन. बॅटरी सुटी निघते का, आणि तीच बॅटरी तीन वर्षांनी मिळेल का, आज तिची किंमत किती? कंट्रोलर कुठे बसवला आहे? फ्रेमच्या तळाशी, पेडलच्या अक्षाखाली असेल तर चाकाने उडवलेलं सगळं पाणी तिथे जातं. डिस्प्लेवर व्होल्टेज आकड्यात दिसतो का? सायकल बंद पडली तर ढकलायला वजन किती? माझी २३ किलोची आहे, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून बॅटरी सुटी निघणं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

चाचणीची फेरी दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. जवळचा चढ विचारा, आणि बॅटरी अर्धी असलेली सायकल मागा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर वाईट जोडही झाकले जातात. जुनी सायकल घेत असाल तर चढ चढून आल्याबरोबर प्रत्येक कनेक्टरला बोट लावा.

आणि वेगाची मर्यादा उघडून देतो म्हणाले तर नाही म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, अशा तपासणी संस्थेने प्रमाणित केलेल्या ई-सायकलीला मोटार वाहन समजत नाहीत, म्हणून नोंदणी आणि परवाना लागत नाही. मर्यादा उघडली की ती सवलत जाते, हमीही जाते, आणि ज्या कनेक्टरची कथा वर सांगितली त्याच्यावर जास्त भार येऊ शकतो.

माझं मे महिन्याचं काम

पावसाआधी, मेच्या शेवटच्या रविवारी, मी दीड तास सायकलला देते. बॅटरी काढून बाजूला ठेवते. सगळे कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारते, सुकू देते, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवते आणि बंद करते. प्रत्येक कनेक्टरच्या आधी वायरला खाली झोळ देते, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, जोडात शिरत नाही. बॅटरीच्या बैठकीतली पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करते. ब्रेक लिव्हर, चुंबकांची चकती, मागच्या चाकाचे नट बघते. पावसाळ्यात सायकल धुताना पाइपचा जोराचा फवारा मारत नाही, ओलं फडकं पुरतं.

मग पहाटे चढावर जाऊन दोन आकडे मोजते आणि ते शाळेच्या जुन्या डायरीत मागच्या पानावर लिहिते: तारीख, निघतानाचा व्होल्टेज, चढाच्या मध्यावर बॅटरीकडचा, कंट्रोलरकडचा. २०२५च्या ४ जूनची नोंद ४०.६, ३८.४, ३८.१ अशी आहे.